रिमांड होमच्या अलीकडचे गाव

दादरा-नगर हवेलीच्या मुक्तिलढ्यात उधव्याचे नाव एकदा ठळकपणे येते. सिल्वासा हातचे गेल्यावर पोर्तुगीज कॅप्टन फिदाल्गो आपल्या शिपायांना घेऊन खानवेलकडे मागे हटला आणि ११ ऑगस्ट १९५४ रोजी उधव्यात येऊन त्याने भारतीय पोलिसांपुढे शस्त्रे खाली ठेवली. पोर्तुगीज गेले, सीमा मात्र राहिली. तलासरी तालुक्यातले हे गाव आजही दोन कारभारांच्या काठावर आहे. इकडे पालघर जिल्हा, पलीकडे केंद्रशासित प्रदेश, आणि गुजरातही लांब नाही. इथल्या पाड्यांवरची वारली, धोडी, कोकणा कुटुंबे पोटासाठी या तिन्हीकडे जातात. कुणी सिल्वासा-वापीच्या कारखान्यांत, कुणी वीटभट्टीवर, कुणी ओखा-पोरबंदरच्या बोटींवर खलाशी म्हणून. शाळा सुटलेला सोळा-सतरा वर्षांचा मुलगाही यांतल्याच एखाद्या वाटेला लागतो.

अशा एखाद्या मुलावर गुन्हा दाखल होतो. कायद्याच्या भाषेत तो ‘विधीसंघर्षग्रस्त बालक’ ठरतो, गावाच्या भाषेत ‘रिमांड होमला गेलेला’. त्याला चोवीस तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे हजर करावे लागते. पोलीस कोठडीत ठेवता येत नाही. जामीन झाला नाही तर मुक्काम निरीक्षणगृहात. गुन्हा इकडे घडला असेल तर मंडळ एक, सीमेपलीकडे घडला असेल तर दुसरे. भिवंडीचे निरीक्षणगृह इथून शंभर किलोमीटरच्या आसपास आहे, आणि तिथे मुलाला भेटायला जायचे म्हणजे आईची मजुरी बुडते.

आणि मग एके दिवशी त्या निरीक्षणगृहातल्या एका खोलीत मुलासमोर एक तरुणी येऊन बसते. तिच्याजवळ चाचण्यांची पेटी असते, कोऱ्या कागदांची वही असते, घड्याळ असते. ती चिकित्सा मानसशास्त्राची प्रशिक्षणार्थी. तिने टिपलेले, तिच्या वरिष्ठांनी तपासून सही केलेले चार-सहा कागद मंडळापुढे जाणार असतात. या मुलावर मोठ्या माणसासारखा खटला चालवायचा की नाही, हे ठरवताना ते कागद वाचले जातील. मुलगा बहुधा मान खाली घालून बसलेला असतो आणि विचारलेल्या प्रत्येक गोष्टीला ‘हो’ म्हणतो. मुलीने उधवा कधी पाहिलेले नसते.

आजच्या व्याख्यानाचा विषय ही प्रशिक्षणार्थी आहे. पोलिसांनी कसे वागावे, न्यायाधीशांनी काय करावे, यावर आपल्याकडे पुष्कळ बोलून झाले आहे. या मुलीने कुठे शिकावे, कुणाच्या हाताखाली शिकावे, आणि शिकताना कुठवर चालत जावे, यावर फारसे कुणी बोलत नाही. ज्या शिक्षकाच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत त्याची सारी हयात या पाड्यांवर गेली. म्हणून हे बोलणे इथेच व्हायला हवे होते.

थोडे मागे जायला हवे, कारण या शिक्षणाची सुरुवातच अशा मुलांपासून झाली आहे. १८९९ मध्ये शिकागोला कुक परगण्यात जगातले पहिले बालन्यायालय उघडले. पुढच्या दहा वर्षांत तिथल्या कार्यकर्त्या स्त्रियांच्या लक्षात आले, की तीच ती मुले पुन्हा पुन्हा न्यायालयात येतात आणि का येतात हे कुणालाच सांगता येत नाही. त्यांनी पैसा उभा केला आणि १९०९ मध्ये विल्यम हीली नावाच्या डॉक्टरला न्यायालयाशी जोडलेल्या एका नव्या संस्थेत बसवले. त्याच्या जोडीला ग्रेस फर्नल्ड ही मानसशास्त्रज्ञ होती. वर्षभर आधीच, १९०८ मध्ये, न्यू जर्सीतल्या व्हाइनलँडच्या शाळेत हेन्री गॉडर्डने मानसशास्त्राचे शिकाऊ उमेदवार घ्यायला सुरुवात केली होती. चिकित्सा मानसशास्त्रातल्या इंटर्नशिपचा इतिहास लिहिणारे याच दोन जागांपाशी पहिल्यांदा थांबतात.

दोघांचे रस्ते वेगळे होते. गॉडर्डचा भर चाचणीवर. बिनेची बुद्धिचाचणी त्याने अमेरिकेत आणली, आणि १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर बोटीतून नुकत्याच उतरलेल्या स्थलांतरितांवर ती वापरली. थकलेली, घाबरलेली, इंग्रजी न येणारी माणसे. त्यांतल्या फार मोठ्या भागावर मंदबुद्धीचा शिक्का बसला. हीलीही चाचण्या घेत असे; पण तो मुलाच्या घरी काय चालते ते विचारी, आईला बोलावी, शाळेत चौकशी करी आणि शेवटी मुलाला स्वतःच्या शब्दांत स्वतःची हकिकत सांगायला लावी. १९१५ च्या त्याच्या जाडजूड ग्रंथात एकेका मुलाची अशी हकिकत आहे. आज आपल्याकडे शिकणाऱ्या मुलीच्या हातात गॉडर्डची पेटी आपसूक येते. हीलीची सवय कुणीतरी लावावी लागते.

मुंबईने ही सवय फार लवकर उचलली होती. १९२४ मध्ये मुंबई प्रांताचा बालकांविषयीचा कायदा झाला, १९२७ मध्ये चिल्ड्रेन्स एड सोसायटी स्थापन झाली. डोंगरीच्या ज्या तुरुंगात टिळक आणि आगरकर यांनी १८८२ मध्ये १०१ दिवस काढले, त्याच उमरखाडीच्या वास्तूत पुढे मुलांचे निरीक्षणगृह आले. १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचे विद्यालय निघाले, तेच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था झाले. दुसऱ्याच वर्षी, १९३७ मध्ये, त्या विद्यालयाने बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले. देशातले ते पहिले. तिथे डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ आणि समाजकार्यकर्ता एकाच मुलाबद्दल एकाच टेबलाशी बसून बोलत.

मग वाटा फुटल्या. बंगळुरूला १९५४ मध्ये अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था निघाली, तीच आजच्या निम्हान्सची पूर्वज. तिथे १९५५ पासून चिकित्सा मानसशास्त्राचा अभ्यासक्रम सुरू झाला आणि देशभरात हाच नमुना रुजला. शिक्षण मनोरुग्णालयात, रुग्ण वॉर्डात, अहवाल मानसोपचारतज्ज्ञासाठी. भारतीय पुनर्वसन परिषदेच्या नोंदणीकडे नेणारा दोन वर्षांचा एम.फिल. आजवर याच चौकटीत शिकवला गेला. त्यातून उत्तम माणसे तयार झाली, याबद्दल दुमत नाही. पण स्किझोफ्रेनियाचा रुग्ण आणि चोरीच्या आरोपाखाली आणलेला, कसलाही आजार नसलेला, घाबरलेला मुलगा यांच्याशी बोलण्याची रीत एक नसते. मुलांसोबतचे काम समाजकार्याच्या विद्यार्थ्यांकडे गेले. टाटा संस्थेच्या ‘प्रयास’सारख्या प्रकल्पांतून त्यांनी ते तुरुंगांत आणि न्यायालयांत नेटाने केलेही. मानसशास्त्राची विद्यार्थिनी मात्र रुग्णालयातच राहिली.

२०१५ च्या बालन्याय कायद्याने तिला तिथून बाहेर ओढले. १५ जानेवारी २०१६ पासून तो लागू आहे. या कायद्याच्या पंधराव्या कलमाने एक नवीच गोष्ट आणली. किमान सात वर्षांची शिक्षा ज्याला आहे असा गुन्हा सोळा वर्षांपुढच्या मुलावर लागला असेल, तर मंडळाने त्याचे प्राथमिक मूल्यांकन करायचे. तपासायच्या गोष्टी अशा: असा गुन्हा करण्याची मुलाची शारीरिक आणि मानसिक क्षमता, परिणाम कळण्याची त्याची कुवत, आणि ज्या परिस्थितीत तो घडल्याचे म्हटले जाते ती परिस्थिती. मुदत पहिल्या हजेरीपासून तीन महिने. मंडळ अनुभवी मानसशास्त्रज्ञाची मदत ‘घेऊ शकते’ असे कायदा म्हणतो. गुरुग्राममधल्या एका शाळेत २०१७ साली झालेल्या खुनाचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा १३ जुलै २०२२ च्या निकालात न्यायालयाने हे ऐच्छिक ठेवले नाही. मंडळावर बालमानसशास्त्राची किंवा बालमानसोपचाराची पदवी असलेला सदस्य नसेल, तर तज्ज्ञाची मदत घेतलीच पाहिजे. गुन्हा करण्याची मानसिक क्षमता आणि परिणामांची समज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही न्यायालयाने स्पष्ट केले.

म्हणजे जिल्ह्याजिल्ह्यात अशा तज्ज्ञांची गरज निर्माण झाली. तज्ज्ञ अपुरे आहेत, म्हणून बरेचसे प्रत्यक्ष काम शिकाऊ हातांनी होणार, हे ओघाने आलेच. त्यात वावगे काही नाही. शस्त्रक्रियाही शिकाऊ डॉक्टर शिकतच करतात. प्रश्न एवढाच, की त्या हातांना काय शिकवले जाते.

पेटीपासून सुरुवात करू. मराठी मुलांच्या बुद्धिमापनाचा इतिहास मोठा आहे. व्ही. व्ही. कामत यांनी बिनेची चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी १९३४ मध्ये घडवली. १९५५ मध्ये सी. एम. भाटिया यांनी, शाळेत न गेलेल्या मुलांनाही देता यावी म्हणून, शब्दांवाचून चालणारी पाच कामांची चाचणी तयार केली. मॅलिन यांनी नागपुरात वेक्स्लरची चाचणी भारतीय मुलांसाठी बसवली, ती १९६९ ची. आजही प्रशिक्षणात या तिन्ही भेटतात. आता समजा, भाटियांच्या चाचणीतले रंगीत ठोकळे उधव्याच्या मुलापुढे ठेवले. नमुन्याप्रमाणे रचायचे आहेत. मुलगा आधी ठोकळा उचलून सगळ्या बाजूंनी पाहतो. मग मॅडमकडे पाहतो, हात लावू का, अशा नजरेने. रचना बरोबर करतो, पण सावकाश; बाजू तंतोतंत जुळल्याखेरीज हात काढत नाही. घड्याळ चालू असते आणि वेळेला गुण असतात. ज्याने लहानपणापासून माळ्याची दोरी वळली, भाताची रोपे एका ओळीत लावली, त्याला काम नीट करायचे शिकवलेले आहे, भरभर करायचे नाही. कागदावर आकडा कमी येतो. प्रशिक्षणार्थीला हा फरक दिसला तर ती तो आकड्याशेजारी लिहील. दिसला नाही तर एलिस बेटावरचीच चूक उमरखाडीत किंवा भिवंडीत होईल.

पेटीच्या पुढचा कागद म्हणजे सामाजिक तपासणी अहवाल. तो परिविक्षा अधिकाऱ्याने पंधरा दिवसांत द्यायचा असतो. २०१६ च्या आदर्श नियमांत त्याचा छापील नमुना आहे, क्रमांक ६. त्यात रकाने आहेत, खुणा करायच्या. मित्र बहुतेक कसे आहेत: शिकलेले, अशिक्षित, वयाने मोठे, व्यसनी? सवयी कोणत्या: धूम्रपान, मद्यपान, जुगार? एका रांगेत वाईट सवयी, दुसऱ्या रांगेत चांगल्या: वाचन, खेळ, चित्रकला. हा नमुना वाईट हेतूने बनवलेला नाही. घाईत असलेल्या माणसाला काही विसरू नये म्हणून तो आहे. पण डहाणू-तलासरीच्या घरात ताडी हा पाहुणचार आहे. जन्मात, लग्नात, मयतात ती असते. पोराने घोटभर घेतली तर कुणाच्या भुवया उंचावत नाहीत. ‘मद्यपान’ या रकान्यातली खूण मंडळापुढे गेली की तिचा अर्थ बदलतो. ‘मित्र बहुतेक वयाने मोठे’ ही खूणही तशीच. बोटीवर किंवा भट्टीवर काम करणाऱ्या मुलाचे सोबती मोठेच असणार. मानसशास्त्राच्या प्रशिक्षणार्थीच्या हाती हा अहवाल आयता येतो आणि बहुतेकदा त्यातलीच वाक्ये तिच्या अहवालात ‘पार्श्वभूमी’ म्हणून उतरतात. एकच खूण दोन कागदांवर दिसली की वाचणाऱ्याला ती दोन पुरावे वाटते.

वयाचेही तसेच. मूल्यांकनाची सारी इमारत सोळा वर्षांच्या रेषेवर उभी आहे. खेड्यापाड्यांतल्या शाळांच्या दाखल-खारीज रजिस्टरात किती मुलांची जन्मतारीख १ जून आहे, हे कुठल्याही मुख्याध्यापकाला विचारावे. शाळेत घालताना गुरुजींनी मुलाकडे पाहून वर्षाचा अंदाज बांधला आणि जूनची पहिली तारीख टाकली, ही महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्यांची कहाणी आहे. वय ठरवताना कायदा शाळेचा दाखला आणि जन्माचे प्रमाणपत्र आधी पाहतो, ते नसेल तर हाडांची तपासणी. वय ठरवणे हे मानसशास्त्रज्ञाचे काम नव्हे. पण मुलगा ‘धाकटी बहीण झाली त्या भातकापणीला मी चालायला लागलो होतो’ असे काही सांगत असेल, तर ते टिपून घेणे आणि वकिलाच्या कानावर घालणे तिला जमायला हवे.

आता या पट्ट्यातला सगळ्यांत नाजूक प्रश्न. वारल्यांत जोडपे आधी एकत्र राहू लागते आणि लग्नाचा विधी पुढे कधीतरी, पैसा जमल्यावर होतो, ही रीत जुनी आणि सर्वांना ठाऊक असलेली आहे. लग्न लावणारी धवलेरी बोलवायची, भिंतीवर लग्नाचा चौक लिहायचा, गावजेवण द्यायचे, याला खर्च येतो. कित्येकदा आईबापांचे लग्न त्यांच्या मुलांच्या देखत लागते. सतरा वर्षांचा मुलगा आणि सतरा वर्षांची मुलगी अशी एकत्र राहू लागली आणि मुलीला दिवस गेले, तर ती नाव नोंदवायला प्राथमिक आरोग्य केंद्रात येते. तिथल्या डॉक्टरांवर पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवण्याचे बंधन आहे. अठराखालच्या मुलीची संमती कायदा मानत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याला किमान शिक्षा दहा वर्षे आहे, गर्भ राहिला असेल तर त्याहूनही जास्त. किमान सात वर्षांची अट ओलांडली गेली, म्हणजे मुलगा थेट पंधराव्या कलमात.

याच्या शेजारी पुण्याचे प्रकरण ठेवून पाहावे. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला एका अल्पवयीन मुलाच्या भरधाव मोटारीखाली दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. मंडळाने जामीन देताना ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला आणि देशभर संताप उसळला. जुलै २०२५ मध्ये, त्याच्यावर प्रौढ म्हणून खटला चालवावा ही पोलिसांची मागणी मंडळाने फेटाळली. सदोष मनुष्यवधाला किमान सात वर्षांची शिक्षा नेमलेली नाही, आणि किमान शिक्षा नसलेला गुन्हा या वर्गात बसत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्येच सांगितले होते. कायद्याच्या तराजूत बायको म्हणून घरात आणलेल्या मुलीबरोबर राहणारा तलासरीचा मुलगा अधिक भारी भरतो. तराजू बदलणे हे संसदेचे काम. पण आहे त्या तराजूत ‘ज्या परिस्थितीत’ हे शब्द आहेत, आणि त्यांत ही सगळी रीत मंडळापुढे मांडता येते. मांडायची तर आधी ती माहीत हवी. इथे भाबडेपणाही चालणार नाही. प्रत्येक ‘पळून गेलेल्या’ जोडीत मुलीची मर्जी असतेच असे नाही. ‘आमच्यात असेच असते’ हे वाक्य कधी रीतीचे वर्णन असते, कधी जबरदस्तीवर घातलेले पांघरूण. दोन्हींतला फरक एका खोलीत, एका बैठकीत, एकट्या मुलाकडून कळत नाही.

गडचिंचल्याबद्दल बोलल्याशिवाय डहाणू तालुक्यात हा विषय पुरा होणार नाही. १६ एप्रिल २०२० च्या रात्री, टाळेबंदी चालू असताना, मुंबईहून सुरतेकडे निघालेले दोन साधू आणि त्यांचा चालक यांना सीमेलगतच्या त्या गावात जमावाने पोलिसांच्या देखत ठार मारले. मुले पळवणारे, अवयव काढणारे, चोर रात्रीचे फिरतात, अशा अफवा कित्येक दिवस मोबाईलवर येत होत्या. गावोगावी पहारे बसले होते. त्याच आठवड्यात सारणीजवळ एका डॉक्टरांच्या गाडीवरही असाच हल्ला झाला होता. सुरुवातीला ताब्यात घेतलेल्या ११० जणांत ९ अल्पवयीन होते. पुढचे सगळे वादळ मोठ्यांभोवती फिरले. त्यातले राजकारण सर्वांनी पाहिले. त्या नऊ मुलांची नावे कायद्याने झाकलेली आहेत आणि ती तशीच झाकलेली राहायला हवीत.

तीन निरपराध माणसांचा जीव गेला, आणि त्याचे समर्थन कुठल्याही अहवालातून होऊ शकत नाही. पण शिकवण्याच्या दृष्टीने ही घटना मोठा प्रश्न टाकते. जमावातल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाची ‘परिणाम कळण्याची कुवत’ मोजायची कशी? शांत खोलीत विचारले, माणसाला दगड मारला तर काय होते, तर कुठलाही मुलगा बरोबर उत्तर देईल. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अकरा देशांतल्या पाच हजारांहून अधिक जणांना तपासले होते, भारतही त्यात होता. थंड डोक्याने विचार करण्याची शक्ती साधारण सोळाव्या वर्षापर्यंत मोठ्यांएवढी होते. भरात असताना, सोबत्यांच्या देखत स्वतःला आवरण्याची शक्ती अठरानंतरही वाढत राहते, असे त्यात दिसले. पेटीतल्या चाचण्या पहिली शक्ती मोजतात. गुन्हा दुसरीच्या अभावी घडलेला असतो. दुसरी समजायची तर त्या रात्रीच्या आधीचा पंधरवडा समजायला हवा: कुणाच्या मोबाईलवर काय आले, पहाऱ्याला कोण बोलवायला आले, न जाणाऱ्याला काय म्हणत. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी-तलासरीच्या परिसराला भूकंपाचे धक्के बसत आले, घरात निजायची भीती वाटून माणसे बाहेर झोपली. हेही त्या मुलांच्या डोक्यातल्या भीतीच्या हिशेबात येते.

म्हणून प्रशिक्षणाबद्दल एकच मागणी या व्याख्यानातून करायची आहे. बालन्याय व्यवस्थेत काम शिकणाऱ्या प्रत्येक प्रशिक्षणार्थीच्या तासांतले काही तास मुलाच्या गावात गेले पाहिजेत, आणि ते मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली गेले पाहिजेत. सहल म्हणून नाही, अभ्यासक्रमाचा भाग म्हणून. याची वेळही हीच आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२३ मध्ये एम.फिल. पदवी मान्य नसल्याचे पुन्हा बजावले आणि चिकित्सा मानसशास्त्रापुरती २०२५-२६ पर्यंत मुदत दिली. अभ्यासक्रमांची घडी नव्याने बसत असतानाच त्यात निरीक्षणगृह आणि गाव दोन्ही घालता येतील.

याला या तालुक्यांत आधार आहे. १९४५ मध्ये ताराबाई मोडक बोर्डीला आल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी जे काम केले त्यात कुरणशाळा होती. मुले गुरांमागे जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणावर न्यायची. मुलाला आपल्या चौकटीत बसवण्याआधी त्याच्या दिवसाची चौकट पाहायची, ही दृष्टी इथे ऐंशी वर्षांपूर्वी रुजली आहे. मुंबईच्या विद्यार्थिनीला २०१३ पासून डहाणूपर्यंत लोकल आहे. डहाणू तालुक्यातच सासवंदला वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथल्या मानसोपचार विभागाला जोडून दोन प्रशिक्षणार्थींची सोय होऊ शकते. जिल्हा बाल संरक्षण कक्षाचे कर्मचारी, आश्रमशाळेचे अधीक्षक, आशाताई आणि अंगणवाडीताई यांना हे पाडे घर न् घर ठाऊक आहेत.

गावात गेल्यावर करायचे काय, हेही शिकवावे लागेल, नाहीतर भल्यासाठी गेलेली मुलगी नुकसान करून येईल. कायद्याच्या ७४ व्या कलमाने मुलाची ओळख उघड करता येत नाही. सरकारी गाडीतून उतरून ‘अमक्याचे घर कुठे’ असे नाक्यावर विचारले की संपलेच. जायचे ते पायी, आईला आधी निरोप देऊन, आणि शक्यतो बाजाराच्या दिवशी नाही. शेजाऱ्यांकडे चौकशी नाही. आईला पहिला प्रश्न गुन्ह्याचा नाही. मुलगा लहानपणी कसा होता, आजारी कधी पडला, भट्टीवर कितव्या वर्षी गेला. डोक्याला मार, आकडी, कुपोषण, दारू पिणारा बाप, शाळा नेमकी कोणत्या वर्गात आणि कशामुळे सुटली, हे सगळे त्या बोलण्यात येते. निरीक्षणगृहातल्या मुलाच्या तोंडून ते येत नाही.

मुलाशी बोलण्याआधी सांगायचे वाक्यही घोटून घ्यावे लागते. रुग्णालयात शिकलेली प्रशिक्षणार्थी सवयीने म्हणते, ‘तू सांगशील ते आपल्या दोघांतच राहील.’ इथे ते खोटे आहे. मूल्यांकनाच्या बैठकीत तिने म्हणायला हवे, ‘तू जे सांगशील त्यातले काही मंडळाच्या साहेबांपुढे जाणार आहे. जे सांगायचे नसेल ते सांगू नकोस, मला राग येणार नाही.’ गुन्हा केलास का, हे तिने विचारायचेच नाही. प्राथमिक मूल्यांकन म्हणजे खटला नव्हे, असे कायद्याच्या स्पष्टीकरणातच म्हटले आहे आणि अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला निर्दोष मानून सुरुवात करायची आहे. उपचार करणारी आणि अहवाल लिहिणारी व्यक्ती एकच असू नये, हाही नियम शक्य तिथे पाळावा. शिकागोच्या कोठडीतल्या १,८०० हून अधिक मुलामुलींचा लिंडा टेपलिन यांनी केलेला अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जवळजवळ दोनतृतीयांश मुलांना आणि तीनचतुर्थांश मुलींना कोणता ना कोणता मानसिक विकार आढळला. आकडे तिथले आहेत, पण निरीक्षणगृहात अहवालाइतकीच उपचाराचीही गरज असते, एवढे त्यांतून नक्की कळते. झोप न येणारा, रात्री दचकणारा मुलगा मूल्यांकनासाठी बोलावला गेला आणि परत बराकीत पाठवला गेला, असे होता कामा नये. निम्हान्सचा ‘संवाद’ हा उपक्रम बालसंरक्षणातल्या कर्मचाऱ्यांना नेमके हेच शिकवतो. त्यातले शिक्षण मराठीत आणि वारलीसारख्या बोलींची जाण ठेवून इथवर पोहोचायला हवे.

अहवालाची भाषा हा प्रशिक्षणाचा शेवटचा टप्पा. मंडळावर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी असतात आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यांत किमान एक स्त्री. त्यांना गुणांकांचे तक्ते नको असतात; या मुलाला काय कळत होते, काय आवरता येत नव्हते, आणि का, हे साध्या मराठीत हवे असते. जे तपासता आले नाही ते ‘तपासता आले नाही’ असे लिहिण्याचे धाडस मार्गदर्शकाने प्रशिक्षणार्थीला द्यावे. ‘मुलाची आई कामानिमित्त गुजरातेत असल्याने भेट झाली नाही’ हे एक वाक्य चार पानांच्या ठाम मतापेक्षा मंडळाला अधिक उपयोगी पडते. मग पुढची तारीख त्या भेटीसाठी मागता येते. तीन महिन्यांत दोनदा गावी जाणे अवघड आहे, अशक्य नाही.

आणि प्रकरण संपल्यावर एक भेट हवी. कायदा मुलाला नवी सुरुवात देतो. दोषी ठरला तरी त्यामुळे पुढे कुठली अपात्रता लागू नये आणि ठरलेल्या मुदतीनंतर त्याची नोंद नष्ट व्हावी, असे २४ वे कलम सांगते. प्रौढ म्हणून खटला चाललेल्यांची गोष्ट वेगळी. पण कारखान्याचा ठेकेदार पोलिसांचा दाखला मागतो, आयटीआयला जायचे तर मधल्या वर्षाचे काय सांगायचे हा प्रश्न येतो, सोडलेली शाळा परत घ्यायला कचरते. आपल्या अहवालातले कोणते अंदाज खरे निघाले आणि कोणते नाहीत, हे पाहायला सहा महिन्यांनी प्रशिक्षणार्थीने मुलाच्या आणि आईच्या परवानगीने एकदा उधव्याला यावे, त्यासाठीचा प्रवासखर्च संस्थेने द्यावा आणि तो दिवस तिच्या प्रशिक्षणाच्या तासांत धरला जावा.